सरत्या उन्हाळ्यातली परसबाग: फुलं कशी टिकवावीत, किडे कसे ओळखावेत

अक्षय्य तृतीया उलटली की मराठवाड्यातलं रान उघडं पडतं. ज्वारी, हरभरा, करडई घरात आलेली असते, नांगरट होऊन ढेकळं उन्हात तापत पडलेली असतात आणि सोयाबीन-कपाशीचा पेरा मृगाच्या पावसाशिवाय होत नाही. विहिरीला पाणी असलेल्या एखाद्या वावरातला उन्हाळी भुईमूग किंवा भाजीपाला सोडला, तर एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत शिवारात पिकाचं फूल म्हणून दिसत नाही. कडुनिंबाचा मोहर तोवर झडून गेलेला असतो, करंजही आटोपत आलेला असतो. मधमाश्यांना, भुंग्यांना, फुलपाखरांना मात्र रोज खायला लागतंच.

नेमक्या या सहा-सात आठवड्यांत अंगणातली, गच्चीवरची, न्हाणीमागची चार फुलझाडं फार मोठं काम करतात. सूर्यफुलाचंच बघा. दाणे नीट भरायचे तर मधमाश्या लागतात. त्या कमी पडल्या की फुलोऱ्यात सकाळच्या वेळी तबकांवरून हात फिरवा, असं शेतकऱ्याला सांगावं लागतं. तीळ, कारली, भोपळे, पुढे तूर, सगळीकडे या माश्यांची गरज आहे आणि पावसाळ्यात त्या हव्या असतील तर मे महिन्यात त्या जगल्या पाहिजेत. म्हणून उन्हाळ्यात बाग सोडून द्यायची आणि पाऊस पडल्यावर नव्याने सुरू करायची, ही आपल्याकडची सवय मला पटत नाही.

पाणी कमी आहे हे धरूनच पुढचं सगळं सांगतो आहे. 2016 च्या एप्रिलात लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना फुलझाडाला पिण्याचं पाणी घाला, असं सांगणं शोभत नाही आणि त्याची गरजही नाही.

पहिली पायरी: आठ दिवस नुसतं बघा

रोपवाटिकेत जायची घाई करू नका. घरात तुळस असतेच. सकाळी सहा-साडेसहाला, ऊन चढायच्या आत, मंजिऱ्या आलेल्या तुळशीपाशी दहा मिनिटं बसा.

सगळ्यात आधी बहुधा फुलोरी माशी येईल. ही आपल्याकडची सर्वांत लहान मधमाशी. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. पोटाचा पुढचा भाग तांबूस, मागे काळे-पांढरे पट्टे. एखाद्या झुडपाच्या फांदीला, उघड्यावरच, तळहाताएवढं एकच पोळं करून राहते. उन्हाला चिवट आहे, म्हणून आपल्या कोरड्या मुलखात भर मे महिन्यातही दिसते. स्वभावानेही गरीब, पोळ्याला हात लावला नाही तर अंगावर येत नाही.

थोड्या वेळाने दुसरी एक येईल, आणि तिच्यासाठी मी कितीही वेळ बसायला तयार असतो. काळ्या पोटावर चमकते निळसर पट्टे. झपकन येते, फुलासमोर हवेत क्षणभर थांबते, सोंड पुढे काढते, एक फूल, दुसरं फूल, आणि गेली. गुणगुण बारीक, उंच पट्टीतली. ही निळ्या पट्ट्यांची माशी एकटी राहणारी आहे. तिचं पोळं नसतं, राणी-कामकरी असा संसार नसतो. मादी मातीत किंवा कच्च्या भिंतीत बीळ करून अंडी घालते. जुन्या माळवदाच्या घरांच्या मातीच्या भिंती तिला फार सोयीच्या. संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून चार-पाच माश्या ओळीने लटकलेल्या दिसल्या, तर त्या मेल्यात असं समजून झटकू नका. ते नर आहेत, आणि त्यांची झोपायची तीच पद्धत आहे.

आठ दिवस असं बसलात की एक गोष्ट लक्षात येईल. सगळी वर्दळ सकाळी सहा ते साडेनऊ आणि मग ऊन उतरल्यावर साडेपाचनंतर. दुपारी परभणी-नांदेडकडे पारा 42-43 ला टेकलेला असतो तेव्हा माश्यासुद्धा फुलांपेक्षा पाण्याच्या शोधात जास्त असतात. पोळ्यात पाणी नेऊन, पंखांनी वारा घालून पोळं गार ठेवतात. तुमची बागेतली कामंही याच वेळापत्रकाने करा.

आणि तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. झाड दाट होतं हे खरं, पण एका तुळशीच्या खुडा, दुसरीच्या राहू द्या. सरत्या उन्हाळ्यात तुळशीएवढं भरवशाचं फूल क्वचितच दुसरं मिळेल.

दुसरी पायरी: कोणती झाडं लावायची

निवडीचा नियम एकच: फूल एकेरी हवं. पाकळ्यांवर पाकळ्या असलेल्या भरगच्च जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पराग नाही, मधापर्यंत वाट नाही. दिसायला सुंदर, पण माशी येते आणि तशीच निघून जाते. झिनिया, चिनी गुलाब, जास्वंद या सगळ्यांत एकेरी जाती मिळतात. रोपवाटिकेत मुद्दाम मागा, कारण समोर ठेवलेल्या बहुतेक भरगच्चच असतात.

सदाफुली कमी पाण्यावर, तापलेल्या पत्र्याशेजारीसुद्धा फुलते, जनावरं तिला तोंड लावत नाहीत. तिच्या फुलाची नळी लांब आणि अरुंद असल्यामुळे ती फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या सोंडेला सोयीची आहे. चिनी गुलाब, ज्याला बरेच जण ऑफिस टाइम म्हणतात, ऊन आलं की उमलतो आणि दुपारनंतर मिटतो. बोटभर काडी तोडून ओल्या मातीत खोचली तरी रुजते. लहान माश्या त्याच्या परागात अक्षरशः लोळतात. गॅलार्डिया उन्हाळ्याचंच फूल आहे, हाराच्या बाजारासाठी शेतकरीही लावतात.

कढीपत्त्याकडे आपण पानांपुरतं बघतो, पण तो एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत फुलतो. पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके, मंद वास, आणि सकाळी सातला त्यावर माश्यांची दाटी. जागा एकाच मोठ्या झाडापुरती असेल तर मी डोळे मिटून कढीपत्ता लावीन. फुलोरा येऊ लागला की फोडणीसाठी त्या फांदीचे शेंडे तोडू नका, बाजूच्या फांदीवरून पानं घ्या.

न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ. साबणाचं थोडं पाणी ती सोसते, आणि लाल कर्दळीवर शिंजीर पक्षीही येतो.

मोगरा जरूर लावा. मे महिना मोगऱ्याशिवाय कसला? पण तो आपल्यासाठी. कीटकांना त्यातून फारसं मिळत नाही. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं असलं तरी ती मी लावू देणार नाही. तिचं बी पक्षी माळरानावर नेतात आणि मग ती तिथलं गवत दाबून टाकते.

कुंपणाबाहेर रुई उगवली असेल तर राहू द्या. तिच्या चिकापासून मात्र सांभाळा; तो डोळ्यात गेला तर इजा होते, मुलांना आधीच सांगून ठेवा. शनिवारी मारुतीला हार घालण्यासाठी पानं तोडणाऱ्यांनी हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नयेत.

आता वेळेबद्दल. मे महिन्यात बी टाकून फुलं मिळवायची आशा धरू नका. झिनिया, गॅलार्डिया, सूर्यफूल यांचं बी फेब्रुवारीत पडलं पाहिजे. उशिरा सुरुवात करत असाल तर तयार रोपं आणा, संध्याकाळी लावा आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवून मग उन्हात सरकवा. विकतच्या रोपाला झाडात भिनणारं कीटकनाशक दिलेलं असू शकतं, म्हणून पहिल्या कळ्या खुडून टाका आणि नव्या फुटीवरची फुलं माश्यांना मिळू द्या.

तिसरी पायरी: माती आणि पाणी

आपली काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत ती त्रास देते. सुकली की आवळते, कुंडीच्या काठापासून सुटते, भेगा पडतात. वरून घातलेलं पाणी त्या भेगांतून थेट खालच्या भोकातून निघून जातं आणि मुळांपाशी माती कोरडीच राहते. पाणी तर रोज घालतो, मग झाड का वाळतं, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम घ्या. आधीच भरलेल्या कुंड्या असतील तर वरचा थर खुरप्याने हलकेच मोकळा करा, भेगा बुजवा आणि पाणी एकदम न ओतता दोन-तीन खेपांत द्या.

वर आच्छादन हवंच. हरभऱ्याचं भुसकट, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, कडब्याचे तुकडे, जे गावात मिळेल ते दोन बोटं जाड पसरा, बुंध्यापासून थोडं लांब. एवढ्यानेच पाण्याची खेप एक दिवसाआड करता येते. पण जमिनीवरच्या बागेत सगळीकडे आच्छादन टाकू नका. एखादा कोपरा, हात-दोन हात मोकळी, न खणलेली, न तुडवलेली माती राहू द्या. बिळात राहणाऱ्या माश्यांना घर करायला तीच जागा लागते.

पाणी कुठून आणायचं? तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, माठ विसळलेलं पाणी एका बादलीत साठवत गेलं तर आठ-दहा कुंड्यांचं भागतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र रोज घालू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात ते मुळातच जास्त. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की समजा क्षार साचले. तो थर खरवडून काढा आणि पहिल्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवून माती धुऊन निघू द्या.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी पोळण्याइतकं तापतं. ते पाईपने झाडावर सोडू नका. सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावरच पाणी द्या. दुपारी पानं मलूल दिसली तर आधी मातीत बोट खुपसून बघा. आत ओल असेल तर झाड उन्हापासून स्वतःला वाचवतं आहे, संध्याकाळी आपोआप उभं राहील. अशा वेळी पुन्हा पाणी घातलं तर मुळं कुजतात.

कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, लहान कुंड्या मोठ्यांच्या सावलीत, आणि पश्चिमेच्या बाजूने हिरवी जाळी बांधा. फुलझाडांना सकाळचं ऊन पुरतं. दुपारी तीनचं ऊन त्यांच्या काही कामाचं नाही.

चौथी पायरी: किड्यांसाठी पाणी

मातीचं परळ घ्या, त्यात खडे टाका आणि खड्यांची डोकी वर राहतील इतकंच पाणी भरा. माशीला पोहता येत नाही. तिला उभं राहायला कोरडी जागा लागते. नुसत्या वाटीत पाणी ठेवलं तर सकाळी त्यात बुडून मेलेल्या माश्याच सापडतील. परळ सावलीत, फुलांपासून फार लांब नाही अशा जागी, रोज त्याच ठिकाणी ठेवा. माश्या जागा लक्षात ठेवतात. पहिले काही दिवस कोणीच येणार नाही, धीर धरा.

पाणी रोज बदला, आणि आठवड्यातून एकदा परळ आतून घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवतो, आणि ती अंडी कोरडी पडली तरी पुन्हा पाणी मिळाल्यावर जगतात. नुसतं पाणी ओतून टाकल्याने ती जात नाहीत.

साखरेचं पाणी ठेवू नका. मुंग्या लागतात, पोळ्यापोळ्यांत मारामारी होते, रोग पसरतात. फुलं द्या, पाणी द्या, बाकी त्यांचं त्या बघतात.

पाचवी पायरी: कोण कोण येतं ते ओळखा

मोठा काळा भुंगा, निळसर झाक असलेल्या पंखांचा, जोरात घोंघावत येतो तेव्हा नवखे लोक दचकतात. घाबरायचं कारण नाही. नर डंख मारूच शकत नाही आणि मादी हातात धरल्याशिवाय मारत नाही. रुईचं परागीभवन मुख्यतः हाच करतो. वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो. घराच्या तुळईला भोकं पाडू नयेत असं वाटत असेल, तर कुंपणाला जाड वाळके बांबू बांधून ठेवा.

गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांच्या कडेला स्वच्छ गोल काप दिसले, कात्रीने कापल्यासारखे, तर ते अळीचं काम नाही. अळी वेडंवाकडं कुरतडते. हे पानकापी माशीचं काम आहे. ती पानाचे गोल तुकडे नेऊन पोकळ काडीत पिल्लांसाठी खोल्या करते. झाडाला काही होत नाही. औषध मारू नका.

आग्या मोहोळ वेगळं. अजिंठ्याच्या कड्यांना, पाण्याच्या टाक्यांना, उंच पिंपळांना जी मोठी लटकलेली पोळी दिसतात ती याच माश्यांची. फुलावर आलेली एकटी माशी काही करत नाही, पण घराच्या छज्जाला पोळं लागलं तर दगड मारणं, धूर करणं, उग्र वासाची फवारणी हे काहीही स्वतः करू नका. जाणकार माणूस बोलवा. माश्या अंगावर आल्याच तर तोंड झाकून सरळ घरात पळा. डंखानंतर श्वास लागला, ओठ सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या तर थेट दवाखाना.

फुलपाखरांत सर्वांत आधी ओळख होईल ती बिबळ्या कडव्याशी: नारिंगी पंख, टोकं काळी, त्यावर पांढरे ठिपके, उडणं संथ. मादी रुईच्या पानामागे एकेक अंडं घालते. अळीच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे, आणि पाठीवर मऊ काळ्या शेपट्यांच्या तीन जोड्या. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. याचा फायदा उठवणारं दुसरं एक फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा, पंखांवर जांभळ्या कडेचे मोठे पांढरे ठिपके. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी, आणि तिच्या अंगात विष अजिबात नाही. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. कुंडीत आपोआप उगवलेली घोळ सगळीच उपटून पातेल्यात टाकू नका, एक-दोन रोपं तिला ठेवा.

लिंबू किंवा कढीपत्त्याला थोडं पाणी मिळून कोवळी फूट आली की लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. अळी लहान असताना तपकिरी-पांढरी, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. म्हणूनच पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की पानाच्या रंगाची हिरवी होते. तिला काडीने हलकंच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलांना हे एकदा दाखवाच, रोज डिवचू देऊ नका. लहान रोप असेल तर दोन-तीन अळ्या ठेवून बाकीच्या मोठ्या झाडावर हलवा. मोठ्या कढीपत्त्याला दहा अळ्यांनी काही होत नाही.

सहावी पायरी: कीड आली तर

औषधाच्या दुकानात जायच्या आधी पान उलटून बघा. कोरड्या उन्हाळ्यात तीन-चारच गोष्टी बहुधा त्रास देतात.

जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसतं ते पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, चिकट गोड द्रव टाकतो, आणि त्या गोडासाठी मुंग्या त्याची राखण करतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा, मग जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून फांद्या घासा. फारच भरलेले शेंडे कापून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका. दर चार दिवसांनी, तीनदा. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

पानं फिकट, बारीक ठिपक्यांची झाली आणि खालून पातळ जाळं दिसलं तर लाल कोळी. याला आठ पाय असतात, तो कीटकच नाही, त्यामुळे बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे मरतात आणि तो वाढतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचे हबके मारा. त्याला कोरडेपणा लागतो, ओल सोसत नाही.

मावा आला तर दोन दिवस थांबा. कोवळ्या शेंड्यावर काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांची खरखरीत अळी फिरताना दिसली तर ती ढाल किड्याची आहे आणि मावा खायलाच आली आहे. लोक नेमकं तिलाच कीड समजून चिरडतात. पानावर केसाएवढ्या बारीक उभ्या दांडीच्या टोकाला इवलंसं पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका नाजूक हिरव्या किड्याचं. त्याची अळीही माव्यावर आणि पिठ्या ढेकणाच्या पिल्लांवर तुटून पडते. ही मंडळी आली असतील तर हात लावू नका.

असा धीर धरण्याचं मोठं उदाहरण आपल्या देशात घडलेलं आहे. 2008 मध्ये तमिळनाडूत कोइमतूरकडे पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण दिसला, पुढे महाराष्ट्रातही आला. पपई, तुती, जास्वंद, सगळं पांढरं झालं, फवारण्यांनी आटोक्यात येईना. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा परोपजीवी माश्या आणून सोडल्या गेल्या आणि त्यांनी तो आटोक्यात आणला. फवारणी चालू असती तर याच माश्या आधी मेल्या असत्या.

काहीतरी फवारावंच लागलं तर निंबोळी अर्क. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळी भरडून रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडा साबण मिसळा आणि त्याच संध्याकाळी, माश्या गेल्यावर, फक्त पानांवर मारा. उघड्या फुलांवर नको. भर उन्हात साबण किंवा तेलाचं काहीही मारलं की पानं करपतात. निंबोळ्या मेअखेरपासून झाडाखाली पडू लागतील. वर्षभरासाठी गोळा करून सावलीत वाळवून ठेवा.

सातवी पायरी: वेलाला फळ का धरत नाही

दोडका, दुधी, कारलं लावलंत, फुलं भरपूर, पण फळ नाही. सुरुवातीची बरीच फुलं नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासून दिसतं. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. दोडक्याची आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे पतंग येतात. कारलं, भोपळा सकाळी लवकर. नर फूल तोडून त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा, त्या-त्या वेळेलाच. वेलाशेजारी तुळस आणि गॅलार्डिया लावा, म्हणजे पुढच्या वर्षी हे हाताने करायची वेळ कमी येईल. रात्री अंगणातला पांढरा प्रखर दिवा बंद ठेवा. पतंग दिव्याभोवतीच फिरत राहिले तर फुलाकडे कधी जाणार?

आठवी पायरी: वळीव आणि मृग

मेच्या शेवटी रोहिणी लागतात, जूनच्या 7-8 तारखेला मृग. या दरम्यान पहिला दमदार पाऊस पडला की चार-पाच दिवसांत बागेचा कारभार बदलतो.

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वाळवीचे पंखवाले किडे दिव्यावर झेपावतील. तासभर दिवे मालवा, खिडक्या लावा, सकाळी साळुंक्या येऊन झाडझूड करून जातील. दिवेलागणीनंतर कडुनिंबावर, बोरीवर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमून पानं खाताना दिसले तर ते हुमणीचे. यांना मात्र सोडू नका. त्यांच्या अळ्या जमिनीत मुळं खातात. सोयाबीन, ऊस, भुईमूग यांचं फार नुकसान होतं. रात्री आठच्या सुमारास झाडाखाली चादर अंथरून फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात हे केलं तर शेजारच्या वावरालाही फायदा होतो. कच्चं शेणखत कुंडीत घालू नका, त्यातूनही हुमणी येते.

ओल्या मातीवर लाल मखमली मृगाचे किडे चालताना दिसतील. आठ पायांचे, कोळ्यांच्या नात्यातले. मातीतल्या बारीकसारीक किड्यांची अंडी खातात, झाडाला काही करत नाहीत. मुलांना बघू द्या, काडेपेटीत भरू देऊ नका.

कण्हेर किंवा तगरीच्या फांदीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन मोठे निळे डोळे असलेली, दिसली तर ते डोळे खोटे आहेत, शत्रूला घाबरवायला. तिचा पुढे सुंदर हिरवा पतंग होतो. पानं थोडी जातील, पावसात पुन्हा फुटतील.

आता आच्छादन कुंडीच्या कडेला सरकवा, नाहीतर सततच्या ओलीने बुंधा कुजतो. उन्हाळ्यातल्या झिनियाचं आणि गॅलार्डियाचं वाळलेलं बी काढून कागदी पाकिटात नाव घालून ठेवा. तेरडा आणि गोकर्ण जूनमध्येच पेरा. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी जुलैच्या सुरुवातीला टाका; त्याला फुलावर यायला साधारण दोन महिने लागतात. त्यातली दोन-चार झाडं एकेरी झेंडूची ठेवा. तीच माश्यांची.